सरकारी विद्यापीठाला देणगी कशाला?

यंदाच्या कार्यक्रमाचा निधी आपल्या जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीतल्या विद्यार्थ्यांच्या फूड पॅन्ट्रीला द्यायचा, असा विषय कमिटीत निघाला तेव्हा पहिला प्रश्न आला तो एका काकांकडून. "अहो, ती युनिव्हर्सिटी सरकारी आहे ना? मग आपण भरतो तो टॅक्स जातो कुठे? वर आणखी देणगी कशाला?" पाठोपाठ एका मावशींनी विचारलं, "आणि दिलेच पैसे, तर ते नक्की कुणाच्या हातात पडणार?"

दोन्ही प्रश्न अगदी रास्त. उत्तर द्यायला आम्ही उभेही राहिलो, पण पाचच मिनिटांत "समोसे गार होताहेत" अशी सूचना आली आणि चर्चा तिथेच थांबली. म्हणून हे लेखी उत्तर. समोसे खाताखाता वाचलंत तरी चालेल.

चार पे-स्टबची गोष्ट

आम्ही म्हणजे निधीचं काम बघणारे चौघं. चौघंही महाराष्ट्रातून इंजिनिअरिंग करून कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी विद्यापीठात एम.एस.ला आलो आणि एकाच अपार्टमेंटमध्ये गाद्या टाकून राहिलो. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं. आपल्याकडच्या 'कमवा आणि शिका'चाच हा अमेरिकन अवतार! एकाला कॅफेटेरियात काम मिळालं, दुसऱ्याला बुकस्टोअरमध्ये, तिसऱ्याला प्राध्यापकांच्या रिसर्च प्रोजेक्टवर आणि चौथ्याला स्टुडंट युनियनच्या काउंटरवर.

पहिला पगार झाला तेव्हा चौघांचे पे-स्टब आम्ही टेबलावर मांडले (टेबल म्हणजे मायक्रोवेव्हचं उपडं घातलेलं खोकं). बघतो तर काय, युनिव्हर्सिटीचं नाव चारही कागदांवर, पण नुसतं असं कुठेच नाही. कुठे त्यापुढे 'फाउंडेशन', कुठे 'शॉप्स', कुठे 'इन्कॉर्पोरेटेड'. आमच्यातला एकजण पार हबकला. "अरे, आपल्याला भलत्याच कंपनीनं ठेवून घेतलंय. व्हिसाचं काय होणार?" दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं इंटरनॅशनल ऑफिसच्या दारात हजर. तिथल्या बाई हसल्या. म्हणाल्या, "काळजी करू नका. या सगळ्या कॅम्पसच्याच ऑक्झिलिअरी ऑर्गनायझेशन्स आहेत."

तो शब्द आम्ही पहिल्यांदा तेव्हा ऐकला. ऑक्झिलिअरी म्हणजे सहायक संस्था. काका आणि मावशी, दोघांच्या प्रश्नांची उत्तरं या एका शब्दात आहेत.

देऊळ वेगळं, अन्नछत्र वेगळं

कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी हे उदाहरण घेऊ, कारण आमची ओळख तिथलीच. सॅन फ्रान्सिस्कोला १८५७ साली शिक्षक तयार करण्यासाठी एक शाळा निघाली, तिथपासून या विद्यापीठाची मुळं सांगतात. वाढत वाढत कॅम्पस २३ झाले. जुलै २०२५ मध्ये मॅरिटाइम अकादमी सॅन लुईस ओबिस्पोच्या कॅल पॉलीत विलीन झाली, तेव्हापासून २२. साडेचार लाखांच्या आसपास विद्यार्थी इथे शिकतात. शिकवण्याचा खर्च मुख्यतः दोन वाटांनी भागतो: राज्याचं अनुदान आणि विद्यार्थ्यांची फी.

पण कॅम्पस म्हणजे नुसते वर्ग नव्हेत. तिथे पोरांना जेवायला लागतं, पुस्तकं लागतात, बसायला-उठायला जागा लागते. प्राध्यापकांना बाहेरून संशोधनासाठी पैसे मिळतात, त्यांचा हिशेब ठेवावा लागतो. कुणी माजी विद्यार्थी आईच्या नावानं स्कॉलरशिप ठेवतो, ती पिढ्यान् पिढ्या सांभाळावी लागते. ही कामं करायला कायद्यानं कॅम्पसला स्वतंत्र, ना-नफा संस्था नेमण्याची मुभा दिली आहे. कॅलिफोर्नियाच्या एज्युकेशन कोडमध्ये ८९९०० या कलमापासून पुढे त्यांचे नियमच आहेत. संस्था कायद्यानं वेगळी. तिचं स्वतःचं बोर्ड, स्वतःचं बँक खातं, स्वतःचे नोकर. पण कामं कोणती करायची हे युनिव्हर्सिटीशी झालेल्या लेखी करारात ठरलेलं, आणि ती कॅम्पसच्याच भल्याची असली पाहिजेत.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. अक्कलकोटला गेलेल्यांना आठवत असेल, स्वामींचं देऊळ एका संस्थेकडे आणि अन्नछत्र दुसऱ्या संस्थेकडे. भाविकाला दोन्ही एकच वाटतात, पण पावतीवरचं नाव वेगळं. किंवा सोसायटीचा मेन्टेनन्स आणि सोसायटीतल्या गणपतीची वर्गणी. माणसं तीच, पण पेट्या दोन. लिफ्टच्या पैशातून मोदक आणले तर सेक्रेटरीची धडगत नाही!

कोण काय करतं?

आमच्या चार पे-स्टबांच्याच क्रमानं सांगतो.

पहिला प्रकार दुकानं आणि खानावळींचा. सॅन डिएगो स्टेटमधली 'अ‍ॅझ्टेक शॉप्स' ही संस्था १९३१ पासून आहे. पुस्तकं आणि खाणंपिणं विकायचं, त्यातूनच नोकरांचे पगार भागवायचे आणि उरलं तर कॅम्पसच्याच कामी लावायचं. नफा वाटून घ्यायला इथे मालकच नाही. आमचा कॅफेटेरियावाला आणि बुकस्टोअरवाला, दोघं या प्रकारातले.

दुसरा प्रकार रिसर्च फाउंडेशनचा. सॅन डिएगो स्टेटचंच रिसर्च फाउंडेशन १९४३ सालचं. नॅशनल सायन्स फाउंडेशनसारख्या सरकारी खात्याकडून प्राध्यापकांना अनुदान मिळालं, की करार अशा संस्थेशी होतो. विद्यार्थी नेमणं, यंत्रं घेणं, खर्चाचा हिशेब देणं हे सगळं तीच बघते. आमच्या तिसऱ्याचा पगार तिथून यायचा. न्यूयॉर्क राज्यातही असंच आहे. तिथल्या स्टेट युनिव्हर्सिटीचं रिसर्च फाउंडेशन १९५१ चं, आणि तिच्या काही कॅम्पसवर खानावळी चालवणारी 'फॅकल्टी स्टुडंट असोसिएशन' निराळी.

तिसरा प्रकार विद्यार्थ्यांच्या संस्थांचा. 'असोसिएटेड स्टुडंट्स' हे विद्यार्थ्यांनी निवडून दिलेलं मंडळ. विद्यार्थ्यांकडून खास त्यासाठी घेतलेल्या फीवर ते चालतं आणि ती कशी खर्चायची हे मुख्यतः विद्यार्थीच ठरवतात. काही ठिकाणी स्टुडंट युनियनची इमारतही तेच बघतात, काही ठिकाणी तिच्यासाठी वेगळी संस्था. लाँग बीचच्या कॅम्पसवरची 'बीच पॅन्ट्री' ही शिधा देणारी सोय तिथल्या असोसिएटेड स्टुडंट्सचीच.

चौथा प्रकार देणग्या घेणाऱ्या फाउंडेशनचा. आलेली रक्कम गुंतवायची आणि दात्यानं सांगितलेल्या कामीच लावायची, हे तिचं काम.

या चौकटीत न बसणाऱ्याही काही आहेत. फ्रेस्नोला शेतकीचं शिक्षण देणारा कॅम्पस आहे. तिथली 'अ‍ॅग्रिकल्चरल फाउंडेशन' विद्यापीठाच्या शेतीचा व्यवहार बघते. विद्यार्थी मका, फळं, दूधदुभतं पिकवतात-बनवतात, ते कॅम्पसच्या फार्म मार्केटमध्ये विकलं जातं आणि आलेला पैसा पुन्हा शेतीच्या शिक्षणात जातो. तिथला गोड मका घ्यायला उन्हाळ्यात गावकरी रांगा लावतात. द्राक्षांपासून वाइन करून रीतसर परवान्यानं विकण्याचं काम १९९७ पासून चालू आहे. कृषी विद्यापीठाच्या स्टॉलवरून आंबे आणणाऱ्या आपल्या मंडळींना याची गंमत लगेच कळेल.

पण वेगळा संसार कशासाठी?

सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलं, की एक ठिकाणी बिघडलं की सगळंच बसतं. म्हणून मॉड्यूल वेगळे.

सरकारी पैसा नियमांनी बांधलेला असतो, आणि तो तसा असायलाही हवा. तो शिकवण्यासाठी दिलेला. त्यातून पिझ्झाचं दुकान चालवायचं आणि दुकान बुडालं तर शिक्षकांचा पगार कापायचा, असं होऊन चालणार नाही. धंद्याची जोखीम वेगळ्या संस्थेवर ठेवली की मूळ शिक्षणाला धक्का लागत नाही. शिवाय अडीच वर्षांच्या प्रोजेक्टसाठी माणूस नेमायचा किंवा रात्री फ्रीजर बिघडला तर सकाळी दुसरा आणायचा, असली कामं लहान संस्थेला चटकन जमतात. आणि दात्यालाही भरवसा वाटतो, की आपले पैसे राज्याच्या मोठ्या तिजोरीत मिसळून दिसेनासे होणार नाहीत.

याची दुसरी बाजूही आहे. वेगळा संसार म्हणजे वेगळी पोटापाण्याची चिंता. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे कॅम्पस बंद पडले. वर्ग ऑनलाइन गेले, पण ऑनलाइन सँडविच कोण विकणार? विक्रीवर जगणाऱ्या संस्थांचा गल्लाच थांबला. मोकळेपणाची ही किंमत.

आता काकांचा प्रश्न. टॅक्स कुठे जातो? तर तो शिकवण्यात जातो. पण शिकणाऱ्याच्या पोटाची पुरती सोय त्यातून होत नाही. या विद्यापीठानं स्वतःच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास करवून घेतला, त्याचे आकडे जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाले. ४१.६ टक्के विद्यार्थ्यांना पुरेसं अन्न मिळण्याची खात्री नव्हती. १०.९ टक्के विद्यार्थी मागच्या वर्षभरात एकदा तरी बेघर झाले होते. हे आकडे जगातल्या श्रीमंतांत श्रीमंत मुलखातले आहेत!

सरकारी अन्नमदत आहे, कॅलफ्रेश नावाची. पण कॉलेजात शिकणाऱ्यांना ती सहजी मिळत नाही. आठवड्याला २० तास काम किंवा तसलीच दुसरी अट पुरी करावी लागते. आणि एफ-१ व्हिसावरच्या पोरांना तर ती मिळतच नाही. म्हणजे पुण्याहून, नाशिकहून, लातूरहून शिक्षणाचं कर्ज काढून आलेला मुलगा महिनाअखेरीला अडला, तर त्याला जवळची अशी एकच जागा उरते: कॅम्पसवरची पॅन्ट्री. विद्यार्थ्याचं ओळखपत्र दाखवायचं, पिशवी भरायची, बहुतेक ठिकाणी जास्त चौकशी नाही.

हे आम्ही पुस्तकातलं सांगत नाही आहोत. आमच्यातला कॅफेटेरियावाला शिफ्टवर जेवायचा, त्यामुळे त्याचं बरं चालायचं. पण रिसर्चवाल्याचं अनुदान एका सत्रात उशिरा आलं. दोन आठवडे तो रात्री "भूक नाही रे" म्हणून लवकर झोपायचा. आम्हीही बावळटासारखं ते खरं मानलं. एकदा कपाटात पार्ले-जीचे रिकामे पुडे सापडले तेव्हा उलगडा झाला. घरी फोनवर मात्र तो आईला रोज सांगायचा, "हो, जेवलो. वरण-भात केला होता." तेव्हा आमच्या कॅम्पसवर पॅन्ट्री नव्हती. असती तरी तो गेला असता का, ठाऊक नाही. पण निदान रस्ता तरी असता.

भिंतीपलीकडे काय चाललंय?

आता मावशींचा प्रश्न, आणि तो जास्त अवघड आहे. संस्था वेगळी, म्हणजे मध्ये भिंत आली. भिंतीमुळे पैसा सुरक्षित राहतो, पण भिंतीमुळे आतलं दिसतही नाही.

सरकारी कागद मागायचा हक्क कॅलिफोर्नियात नागरिकांना पूर्वीपासून आहे. आपल्या माहितीच्या अधिकारासारखाच. पण सहायक संस्था म्हणजे 'सरकार' का? फ्रेस्नोच्या नव्या स्टेडियममधले आलिशान कक्ष कुणी घेतले याची माहिती तिथल्या वर्तमानपत्रानं मागितली, तेव्हा २००१ साली अपील कोर्टानं सांगितलं की कायद्याच्या शब्दांप्रमाणे सहायक संस्था त्यात बसत नाही. बदल हवा असेल तर तो विधिमंडळानं करावा.

मग २०१० साल उजाडलं. स्टॅनिस्लॉस कॅम्पसच्या पन्नाशीनिमित्त तिथल्या फाउंडेशननं निधीसाठी मोठा मेजवानीचा कार्यक्रम ठेवला आणि वक्त्या म्हणून सेरा पेलिन यांना बोलावलं. मानधन किती, हे सांगायला नकार. मग काही विद्यार्थ्यांना कॅम्पसवरच्या कचऱ्याच्या पेटीत करारपत्राची काही पानं सापडली आणि गदारोळ उडाला. प्रकरण कोर्टात गेलं. पुढे मानधन ७५ हजार डॉलर असल्याचं बाहेर आलं. कार्यक्रमातून पैसा जमला होता आणि तो कॅम्पसलाच गेला, हेही खरं. लोकांचा राग मानधनावर कमी आणि लपवण्यावर जास्त होता.

त्यातून २०११ साली कायदा झाला, २०१२ पासून लागू. माहितीच्या हक्कासाठी आयुष्यभर झटलेल्या रिचर्ड मॅकी यांचं नाव त्याला दिलं आहे. आता सरकारी विद्यापीठांच्या सहायक संस्थांचे कागद नागरिकांना मागता येतात. ज्या दात्याला आपलं नाव गुप्त ठेवायचं आहे त्याला काही अपवाद सोडून संरक्षण आहे. पण पैसा कुठे खर्च झाला, हे झाकता येत नाही.

याखेरीज जुने नियम आहेतच. दरवर्षी बाहेरच्या सी.पी.ए.कडून ऑडिट. बोर्डाची दर तिमाहीला निदान एक बैठक. बोर्डावरच्या माणसाचा संस्थेच्या कंत्राटात स्वतःचा आर्थिक हितसंबंध नको. पूर्णवेळ नोकरांना कॅम्पसवरच्या तशाच कामाच्या तोडीचा पगार आणि सवलती. संस्था उद्या बंद झाली, तरी तिची मालमत्ता कुणाच्या खिशात न जाता कॅम्पसच्याच कामी लागली पाहिजे. आणि ५०१(सी)(३) प्रकारातली संस्था असल्यानं तिचा फॉर्म ९९० कुणालाही बघता येतो. आपल्या मंडळालाही हीच नोंदणी लागते, त्यामुळे आपले खजिनदार हे वाचून मान डोलावतील.

आमचा फसलेला चेक

नोकरी लागल्यावर काही वर्षांनी आम्ही चौघांनी पैसे जमवून एका कॅम्पसला चेक पाठवला. मनात होतं, 'भुकेल्या मुलांसाठी'. चेकवर लिहिलं नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव. मेमोची ओळ कोरी. सोबतच्या पत्रात गोड गोड चार वाक्यं, पण काम कोणतं ते नाही. रीतसर आभाराचं पत्र आलं: आपली देणगी सर्वसाधारण निधीत जमा झाली आहे. चूक त्यांची काहीच नव्हती. आम्ही सांगितलंच नव्हतं, तर त्यांना कळणार कसं? पैसा कॅम्पसच्या कामी आला असेलच, पण पॅन्ट्रीच्या फळीपर्यंत पोचला नाही. 'भूक नाही रे' म्हणणाऱ्या आमच्या मित्राला आम्ही दुसऱ्यांदा चुकवलं, असं तेव्हा वाटून गेलं.

त्यातून शिकलेलं तुम्हाला फुकट देतो. देणगी देताना चार गोष्टी विचारा.

पहिली, चेक नक्की कोणत्या संस्थेच्या नावानं? एका कॅम्पसवर अशा तीन-चार संस्था असू शकतात. पॅन्ट्री चालवणारी एक आणि देणगी स्वीकारणारी दुसरी, असंही असतं.

दुसरी, रक्कम कशासाठी राखून ठेवायची? मेमोमध्ये आणि पत्रात कामाचं नाव स्पष्ट लिहा. राखीव म्हणून दिलेली देणगी दुसऱ्या कामी वळवता येत नाही.

तिसरी, खर्चायची की कायम ठेवायची? धरून चाला, २५ हजार डॉलरचा कायम निधी केला आणि त्यातून दरवर्षी ४ टक्के काढले, तर वर्षाला हजार डॉलर मिळतील, पण वर्षानुवर्षं. स्कॉलरशिपला हे छान. पॅन्ट्रीचं तसं नाही. तिथे डाळ-तांदूळ याच महिन्यात हवेत. आपला निधी म्हणूनच 'खर्चायचा' असा देणार आहोत.

चौथी, तुमची कंपनी मॅचिंग देते का? अनेक कंपन्या तुमच्या देणगीइतकीच भर घालतात. त्यासाठी संस्थेचं नेमकं नाव आणि टॅक्स नंबर लागतो. एक फॉर्म भरायचा आळस केला तर तेवढं धान्य कमी.

आणि मायदेशातलं कॉलेज?

हमखास विचारलं जाईल म्हणून सांगतो. आपल्या तिकडच्या सरकारी संस्थेला इथून थेट पैसे पाठवले, तर साधारणपणे इथल्या टॅक्समध्ये सवलत मिळत नाही. म्हणून माजी विद्यार्थी इथे ना-नफा संस्था काढतात आणि ती तिकडे मदत करते. आयआयटी मुंबईसाठी अमेरिकेत 'आयआयटी बॉम्बे हेरिटेज फाउंडेशन' आहे, ती याच जातकुळीची. तिकडे परदेशी देणग्यांचा एफ.सी.आर.ए. कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीपासून अशा नोंदणीकृत संस्थांना परदेशी पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. तेव्हा तिथेही विचारायचे प्रश्न तेच: नाव कुणाचं, काम कोणतं, हिशेब कुठे बघायचा?

तर काका, टॅक्स भरूनही देणगी का, याचं उत्तर असं: टॅक्सनं वर्ग उघडा राहतो, देणगीनं त्या वर्गातलं पोर उपाशी बसत नाही. आणि मावशी, पैसे पॅन्ट्री चालवणाऱ्या संस्थेच्या हातात जातील, तेही लेखी पत्रासह. तिचं ऑडिट आणि फॉर्म ९९० आम्ही वाचून घेतले आहेत. छापील प्रत आज निधीच्या टेबलावर ठेवली आहे. चष्मा घेऊन या, शंका विचारा आणि समाधान झालं तरच पाकीट टाका.

आणि हो, तुमच्या ओळखीचं कुणी पोर यंदा शिकायला आलं असेल, तर त्याला पॅन्ट्री कुठे आहे ते सांगून ठेवा. "जेवलास का?" एवढंच विचारू नका. "काय जेवलास?" तेही विचारा.

आपलेच,
निधीच्या टेबलावरचे चौघं